रोहिदासचं कार्ड बंद करताना

“बंद करून टाका ते खातं! आत्ताच्या आत्ता!”

धर्माशेठ भोईर काउंटरवर मूठ आपटून ओरडत होते, आणि खरं सांगते, त्या आवाजाने धामणकर नाक्यावरच्या रिक्षा जागच्या जागी थांबल्या. आता भिवंडीत ओरडणं म्हणजे काही विशेष नाही. दिवसरात्र यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं आम्ही. शेजारी बसलेल्याकडे पाणी मागतो ते इतक्या मोठ्याने की पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी तांब्या घेऊन यावं. पण धर्माशेठचा आवाज त्यातही नावाजलेला. नारपोलीच्या कारखान्यात सगळे माग चालू असताना ते दारातून हाक मारायचे आणि पार शेवटच्या मागावरचा कारागीर मान वर करायचा.

त्यांच्या मागे बाकावर त्यांची बायको, चांगुणाबाई, पदर आवळून बसली होती. ती ओरडत नव्हती. एवढंच म्हणाली, “नका करू. तो जेवतो त्याच्यावर.”

संपादकांनी मला दिवाळी अंकासाठी ‘बँकेतल्या गमतीजमती’ लिहायला सांगितल्या आहेत. लोक चकलीचा तुकडा मोडत मोडत वाचणार, हे मला कळतं. गमतींची माझ्याकडे गोणी भरलेली आहे आणि त्यातल्या निम्म्या तर खऱ्यासुद्धा आहेत. पण लिहायला बसलं की पहिले धर्माशेठच ओरडत येतात. बाकीच्या गमती मग बिचाऱ्या दाराबाहेर चपला सांभाळत उभ्या राहतात.

तर आधी मी कोण ते सांगते. आमच्या वस्तीतून बँकेत लागलेली पहिली मुलगी मी. ऐंशीच्या दशकात नोकरीचा कागद आला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला आणि वडिलांनी इतके पेढे वाटले की कल्याणपर्यंत दुधाचा तुटवडा पडला. असं मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही. बरीच वर्षं रोखीच्या काउंटरवर काढली. मग नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईच्या मुख्य कचेरीला क्रेडिट कार्डाची हौस आली आणि शाखाशाखांना कार्डं खपवायचा हुकूम निघाला. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, “जाधवबाई, तुम्ही एवढं बोलता, त्याचा बँकेला काहीतरी उपयोग होऊ दे.” झालं, मला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

भिवंडीत कार्ड खपवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. इथला माणूस नोटा मोजूनही परत उजेडात धरून बघणारा. त्याच्या हातात प्लास्टिकचा तुकडा देऊन “हे पैसे आहेत” म्हणायचं! तेव्हाचं कार्ड आजच्यासारखं नुसतं टेकवायचं नव्हतं. त्याच्यावर नाव आणि नंबर उठावाचे असत, बोटाला लागणारे. दुकानदाराकडे इस्त्रीएवढं एक लोखंडी यंत्र. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची स्लिप ठेवायची आणि दांडा एकदा खर्रकन इकडून तिकडे न्यायचा. नाव-नंबर कागदावर उमटले की गिऱ्हाइकाने सही करायची. स्लिपा मुंबईला जायच्या आणि महिना-दीड महिन्याने बिल घरी यायचं. ना वायर, ना वीज. दिवे गेलेल्या भिवंडीत धड चालणारी ती एकच गोष्ट होती.

सुताचे एक व्यापारी होते. कार्ड खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते रेशनकार्डासारखं जाड प्लास्टिकमध्ये घालून पक्कं चिकटवून घेतलं. मग ते कुठल्याच यंत्रात उमटेना. तणतणत आले, तुमचं कार्ड खोटं आहे म्हणाले. दुसऱ्या एकांनी कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. त्यांची आई रोज आंघोळ करून त्याला हळदकुंकू वाही. वर्षाने पहिल्यांदा वापरायला काढलं तर आकड्यांच्या खाचा कुंकवाने बुजलेल्या. दुकानदाराने दांडा ओढला आणि स्लिप अशी लालभडक झाली की बिचारा हात जोडून उभा राहिला. ही शेवटची हात जोडण्याची गोष्ट मी माझ्या पदरची घातली आहे, पण कार्ड मी स्वतः टाचणीने कोरून साफ केलं, ते खरं.

भोईरांचं कार्ड मीच खपवलं होतं. धर्माशेठ मूळचे टेमघरचे. भातशेती होती. जमिनीला प्लॉटचे भाव आले तशी त्यांनी थोडी विकली आणि नारपोलीत माग टाकले. गावात दुसऱ्या कुणाकडे तरी कार्ड आहे असं मी सहज, अगदी सहज, त्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ते हजर. सही मराठीत केली. मुलाच्या नावाचं जोडकार्ड फुकट मिळतं म्हटल्यावर म्हणाले, “फुकट हाय तं पोऱ्याच्या नावाचा पन काढा.”

तो पोऱ्या म्हणजे रोहिदास. विशी ओलांडलेला, बापाच्या अगदी उलटा. त्याचं बोलणं ऐकायला काउंटरवर ओणवं व्हावं लागे. कार्ड न्यायला आला तेव्हा बराच वेळ त्याने आपल्या नावावरून अंगठा फिरवला. मग हसून म्हणाला, “मॅडम, मधे बाबांचा डी आहेच.” बापाच्या नावाचं अक्षर. मी म्हटलं, बिल कोण भरणार रे, तेवढी जागा तर द्यायला हवी. तो पुन्हा हसला.

त्याला गॅरेज काढायचं होतं. सगळे माग विकू नका, पण थोडे तरी विका, मला जागा घेऊ द्या, असं तो वर्षभर म्हणत होता. एक दिवस कारखान्यात, सगळ्या कारागिरांच्या देखत, धर्माशेठनी त्याच्या कानाखाली वाजवली. त्या दिवशी मागांचा आवाज चालू असूनही तो फटका ऐकू आला, असं त्यांचा मुकादम मला सांगत होता, आणि मुकादम काही माझ्यासारखा वाढवून सांगणाऱ्यांतला नव्हता. रोहिदासने हातातलं सुताचं बॉबिन खाली ठेवलं आणि निघून गेला. अंगावरचे कपडे आणि शर्टाच्या खिशातलं कार्ड. दोन महिने शोधाशोध झाली. नातेवाईक, मित्र, इस्पितळं, पोलीस. काही नाही.

आणि मग बिल आलं.

बिल इंग्रजीत, आणि धर्माशेठ त्याला हात लावेनात. चांगुणाबाई ते पदराखाली घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी वाचलं. नाशिक. एका हॉटेलाचं नाव आणि एका थाळीचे पैसे. बस, एवढंच. मी तिला सांगितलं तशी ती बाकावर बसली आणि इतकं रडली की शिपायाने पाणी आणून ठेवलं आणि तिच्याकडे न बघता पंखा तिच्या बाजूला वळवला. रडून झाल्यावर विचारते, “थाली म्हंजे भात असतो ना तिच्यात?”

असतो, म्हटलं.

धर्माशेठ त्याच संध्याकाळी गाडी करून नाशिकला गेले. हॉटेलवाल्याला फोटो दाखवला. रोज शंभर माणसं जेवून जातात शेठ, तो म्हणाला, आणि ही तर महिन्यापूर्वीची गोष्ट. पुढच्या महिन्यात बिल आलं ते धुळ्याचं. मग इंदूरचं. मग पुन्हा धुळ्याचं, दुसऱ्याच हॉटेलाचं. दर खेपेला एकच थाळी. महिन्यातून एकदाच. ना कपडे, ना बूट, ना लॉज. तेव्हा कार्ड फक्त बऱ्यापैकी हॉटेलांत चाले. म्हणजे हा मुलगा एरवी कुठेतरी गाडीवर, खानावळीत जेवत असणार आणि महिन्यातून एकदा चांगल्या हॉटेलात जाऊन बापाच्या पैशाने एक थाळी खात असणार. का? मी आणि चांगुणाबाई त्यावर बोललो नाही. पण तिला माहीत होतं आणि मलाही. पत्र लिहायला हात उचलत नसेल तर माणूस दुसरं काय करील.

वर्षभर हे चाललं. बिल आलं की चांगुणाबाई यायची आणि मी वाचायची. मी पण मेली अशी की नुसतं वाचून थांबेना. धुळं म्हटलं की तिथे हवा कशी कोरडी, तब्येतीला चांगली. इंदूर म्हटलं की तिथे तुपाचा हात कसा सैल. मी जन्मात इंदूरला गेले नव्हते. ती ऐकायची आणि मग डाव्या हाताने डोळे पुसून रिक्षा पकडायची.

धर्माशेठना हे सगळं कळत होतं, पण वेगळं कळत होतं. त्या दिवशी काउंटरवर ओरडत आले ते त्यामुळेच. मुलगा आपल्या पैशाने जेवतो याचा त्यांना राग नव्हता, तसं ते म्हणाले तरी. जेवतो आणि येत नाही, याचा होता. त्यांना आत बोलावून मी खुर्ची दिली, चहा मागवला. चांगुणाबाईलाही बोलावलं. खातं तुमचं, सही तुमची, बंद करायचं तर तुम्हीच करू शकता, मी म्हटलं. पण बंद केल्यावर काय होतं ते आधी ऐकून घ्या.

मग मी त्यांना स्टॉप लिस्ट समजावली. बंद झालेल्या, चोरीला गेलेल्या कार्डांचे नंबर मुंबईची कचेरी एका पातळ पुस्तिकेत छापायची आणि ती पुस्तिका देशभरच्या दुकानांत, हॉटेलांत जायची. गिऱ्हाइकाने कार्ड दिलं की दुकानदाराने त्यात नंबर बघायचा. सापडला तर मुंबईला फोन करायचा, कार्ड परत द्यायचं नाही, तिथल्या तिथे कात्रीने दोन तुकडे करून बँकेकडे पाठवायचं. पाठवणाऱ्याला बक्षीस.

धर्माशेठ खुर्चीत पुढे सरकले. “म्हंजे तो पकडला जाईल.”

“तो नाही, शेठ. कार्ड पकडलं जाईल.”

“पन त्याला कलंल ना, बापानी बंद केला म्हनून.”

“कळेल.”

“मंग तो फोन करील,” ते म्हणाले. “भांडायला तरी करील.”

चहावाला कप ठेवून गेला. मी चांगुणाबाईकडे बघितलं. इतका वेळ ‘नका करू’ म्हणणारी ती बाई नवऱ्याकडे अशी बघत होती, जसं काही त्याने पहिल्यांदाच तिच्या मनातलं बोलून दाखवलंय. बापलेक एकाच रक्ताचे. पोरगा अबोल असला तरी एकदा चिडला की तोंड सोडायचा, हे दोघांनाही माहीत होतं. वर्षभर थाळ्या वाचल्या, पण आवाज नव्हता ऐकला.

मी सांगून बघितलं की घाई नको, अजून एखाद-दोन बिलं येऊ द्या. एकदा बंद केलं की तोच नंबर पुन्हा मिळत नाही, आणि तो कुठे आहे हे कळायचा हा एकच रस्ता आहे. मी एवढं हळू आयुष्यात कधी बोलले नव्हते. अखेर चांगुणाबाईच बोलली.

“करा बंद. भांडू दे त्याला. मी फोनजवल बसतंय.”

त्यांनी सही केली. त्यांचं कार्ड मी त्यांच्यासमोर कापलं, तसा नियमच होता. नियमात नसलेली एक गोष्टही मी केली. मुंबईच्या कार्ड विभागाला फोन लावला आणि विचारलं की ह्या एका नंबरापुढे पुस्तिकेत ‘घरी फोन कर’ एवढे तीन शब्द छापता येतील का. पलीकडचा माणूस आधी हसला. मग मी पुन्हा विचारलं तेव्हा त्याला कळलं की मी चेष्टा करत नाहीये. तो म्हणाला, “मॅडम, तिथे नुसते आकडे असतात.”

चांगुणाबाई फोनजवळ बसली म्हणजे अक्षरशः बसली. माझ्या सवयीने मी सांगते की तिने चूल उचलून फोनखाली मांडली. चूल नाही, पण भाजी निवडायचं सूप, शिवण, पापड लाटायचं पोळपाट, सगळं फोनच्या खोलीत आलं. फोन वाजला की धर्माशेठ अंगणातून धावत. सुताचे व्यापारी, रंगाऱ्याचे लोक, राँग नंबर. एका राँग नंबरवाल्याला तर चांगुणाबाईने जेवलास का विचारलं.

मग माझ्या टेबलावर लिफाफा आला. आत कार्डाचे दोन तुकडे आणि छापील चिठ्ठी. इंदूरचं हॉटेल. नावाच्या मधोमध कात्री चालली होती. मी शाखेच्या फोनवरून तिथे फोन लावला. मॅनेजरला ती रात्र चांगली आठवत होती, कारण बक्षीस त्यालाच मिळालं होतं. मी म्हटलं, मुलगा काय बोलला?

“कुछ खास नहीं, मैडम. खाना खा चुका था. मैंने बंबई फोन लगाया, फिर बताया कि कार्ड बंद है, काटना पड़ेगा. पूछा, बैंक ने बंद किया या घर से? मैंने कहा, जिनका खाता है उन्होंने.”

“फिर?”

“बोला, अच्छा. जेब से नकद निकालके दिया. हाथ धोए और चला गया.”

त्या संध्याकाळी मी टेमघरला त्यांच्या घरी गेले. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी मीठमसाला न लावता सांगितली. जसं ऐकलं तसं, त्याच क्रमाने. काही वगळावं असं वाटत होतं, ते ‘घर से’वालं तर नक्कीच, पण समोर ती दोघं इतकी सरळ बसली होती की वगळता आलं नाही. धर्माशेठनी मला दोनदा विचारलं, नुसतं ‘अच्छा’ म्हणाला? शिवी नाही दिली? मी म्हटलं, नाही. चांगुणाबाईने फोनकडे बघितलं आणि मग उठून माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

धर्माशेठ इंदूरला जाऊन आले. तिथल्या सगळ्या गॅरेजांतून, बसस्टँडावर, ट्रकच्या अड्ड्यांवर फोटो घेऊन फिरले. एका गॅरेजवाल्याने ओळखला. चांगला हात होता म्हणाला, थोड्याच दिवसांपूर्वी पगार घेऊन गेला, कुठे ते बोलला नाही, तसा तो बोलायचाच कमी. हे मला त्यांनीच येऊन सांगितलं, आणि ऐकायला मला काउंटरवर ओणवं व्हावं लागलं.

त्यानंतर बिल येणार नव्हतंच. तरी महिना उलटला की चांगुणाबाई माझ्या टेबलाशी यायची, थोडा वेळ बसायची आणि जायची. एकदा दोघं मिळून आली. धर्माशेठनी बरंच इकडचं तिकडचं काढलं, सुताचा भाव, मागांची मंदी. मग विचारलं की ते बंद केलेलं खातं पुन्हा चालू होतं का.

माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. तोच नंबर नाही मिळणार, पण नवीन खातं का नाही, म्हटलं. आत्ता फॉर्म भरते. मॅनेजरच्या डोक्यावर बसते, मुंबईला जाऊन त्या आकडेवाल्यांच्या टेबलावर बसते, रोहिदासच्या नावाचं कार्ड आठवड्यात छापून आणते, नाही आणलं तर जाधव नाव लावणार नाही. मी ड्रॉवरमधून फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढलं. धर्माशेठ माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा जरा उजळलाही होता.

चांगुणाबाईने फॉर्मवर हात ठेवला.

“पाठवशील कुटं, बाई,” ती म्हणाली.